फ्लुवॉक्सामिन सुरू झालं आणि कॉफी उतरेना

ओसीडीसाठी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजारासाठी, डॉक्टरांनी फ्लुवॉक्सामिन हे औषध लिहून दिलं. रात्री ५० मिलिग्रॅम, सोसलं तर पुढे १००. सुरुवातीला थोडी मळमळ झाली, बाकी काही नाही. मग झोपच उडाली. मध्यरात्री टक्क जागा, छातीत धडधड, आणि हात असा थरथरायचा की पाण्याचा पेला टेबलावर ठेवताना खडखड वाजायचा. आधीच कुलूप दहादा ओढून बघणारा माणूस मी, त्यात नाडी मोजायचं नवं काम मिळालं.

औषध मानवत नाही, बदलून द्या, असं सांगायलाच गेलो होतो. डॉक्टरांनी उलट विचारलं, "कॉफी किती घेता?"

"चार कप. कित्येक वर्षं तेवढीच."

"कप तेवढेच आहेत हो, पण आता ती उतरत नाहीये."

कॅफीनचं विघटन यकृतात होतं, आणि ते जवळजवळ सगळं सीवायपी१ए२ या एकाच एन्झाइमच्या, म्हणजे रसायनं मोडणाऱ्या प्रथिनाच्या, भरवशावर. फ्लुवॉक्सामिन नेमकं तेच अडवतं. एरवी साधारण पाच तासांत रक्तातलं कॅफीन निम्मं होतं. या गोळीबरोबर त्याला दिवसभराहून जास्त लागू शकतं. म्हणजे सकाळच्या कपातलं निम्मं दुसऱ्या सकाळीही अंगातच, वर नवे चार कप. मोरी तुंबलेली आणि नळ चालूच! फ्लुवॉक्सामिनच्याच गटातल्या (एसएसआरआय) फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन या औषधांचं तसं नाही. त्यांचा अडथळा मुख्यतः सीवायपी२डी६ या दुसऱ्या एन्झाइमला, आणि तिथे अडकतं ते एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) दिलं जाणारं अ‍ॅटोमॉक्सेटिन.

गोळी तीच ठेवून कॉफी कमी करायचं ठरलं. आधी दुपारनंतरचे कप गेले. डोकं ठणकेल म्हणून तयारीत होतो, पण फारसं दुखलं नाही. साठलेलं कॅफीनच सावकाश उतरत होतं, त्यामुळे असेल. जड गेलं ते कॅफीन हुडकणं. चहा, कोला ठाऊक होतं, पण डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं तपासणं हे काही ओसीडीवाल्याला द्यायचं काम नव्हे.

धडधड थांबली, झोप लागू लागली, डोस १०० वर गेला. मध्यंतरी पाठ धरली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी टिझानिडीन हे स्नायू सैल करणारं औषध लिहून दिलं, तर औषधवाल्याने फ्लुवॉक्सामिनचं नाव ऐकताच ते परत कपाटात ठेवलं. तेही याच एन्झाइमवर अवलंबून. साठलं तर रक्तदाब धोक्याइतका खाली येतो. त्या डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घेतली.