बादलीभर पाण्याचा ड्रिल

टँकरवर चीफ ऑफिसर म्हणून तेलगळतीचे किती ड्रिल केले याची आता मोजदाद नाही. बहुतेक सगळे एका साच्यातले. सकाळी दहाला अलार्म, मॅनिफोल्डपाशी, म्हणजे तेलाचे पाइप जोडतात त्या जागी, सगळे हजर, कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या खांद्यावर भुशाचं पोतं, दोनचार फोटो, लॉगबुकात नोंद आणि साडेदहाला चहा. वेळ आदल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेली, त्यामुळे गमबूटसुद्धा आधीपासून चढवलेले.

एका कॅप्टनला हे खपायचं नाही. एका दुपारी जेवणं होऊन सगळे सुस्तावलेले असताना तो डेकवर आला. मॅनिफोल्डजवळ एक बादली पाणी ओतलं, वर फायर होज सोडला आणि मला म्हणाला, "चीफ, हे तेल. थेंबही समुद्रात जाता कामा नये."

जहाज मागे थोडं दबलेलं होतं. पाणी सरळ उजव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात धावलं. तिथला स्कपर प्लग (डेकवरचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या भोकाचं बूच) लावलेलाच होता, म्हणून मी निर्धास्त. तेवढ्यात रेलिंगवरून वाकलेला ओएस (ऑर्डिनरी सीमन, कनिष्ठ खलाशी) ओरडला, "साब, खाली धार लागलीय!" प्लगचं रबर वाळून लाकडासारखं झालेलं. नट आवळायला गेलो तर तो हलेना. रंगाचे इतके थर बसले होते की नट कुठे संपतो आणि प्लग कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. रंग अर्थात आमच्याच लोकांनी मारलेला, माझ्याच देखरेखीखाली.

मग पंप. हवेवर चालणारा विल्डन पंप कोपऱ्यात तयार ठेवलेला असतो, तसा तो होताही. पण हवेच्या होजचं कपलिंग त्याला बसेना. योग्य कपलिंग इंजिन रूममधून येईपर्यंत वीस मिनिटं गेली आणि उपसायला काही उरलंच नाही.

पाणी होतं म्हणून निभावलं. पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग इतका पातळ असतो, की एक मायक्रॉन जाडी धरली तरी लिटरभर तेल हजार चौरस मीटर व्यापतं. आमच्या त्या धारेतून लिटरभर तर सहज गेलं असेल.

लॉकरमधला डिस्पर्संटचा, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळवणाऱ्या रसायनाचा, ड्रम बघून ओएसने विचारलं, हे का नाही फवारलं? चांगला प्रश्न, ड्रिलमध्ये कुणी विचारत नाही. किनाऱ्यावरच्या देशाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नसतो. 1967 साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ 'टॉरी कॅनियन' फुटलं, तेव्हा तेल घालवायला डिटर्जंटचा मारा केला, आणि किनाऱ्यावरचे जीव तेलापेक्षा त्यानेच जास्त मारले.

शेवटी कॅप्टनने ब्रिजवर बोलावलं. "आता कळवणार कुणाला?" मी सोपेपची (तेलगळतीच्या आणीबाणीसाठी जहाजावर ठेवलेल्या योजनेची) फाइल उघडून संपर्कयादी काढली. यादी जुनी. नवी ईमेलमध्ये येऊन पडली होती, छापायची राहिली होती. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, 'एक्सॉन वाल्डेझ'च्या वेळी, 1989 मध्ये अलास्कात, तेल अडवायची सामग्री न्यायचा बार्जही कागदावर सज्ज होता, प्रत्यक्षात दुरुस्तीला काढलेला.

त्या दिवशीचा रिपोर्ट मी फोटोंशिवाय लिहिला. काढायला कुणाला सुचलंच नव्हतं. त्यात रबर, नट, कपलिंग, यादी सगळं मांडलं. ऑफिसमधून उलट विचारणा आली, की ड्रिल 'असमाधानकारक' असं का लिहिलंय, बदलता येईल का? कॅप्टनने नाही म्हणून कळवलं.

नवी रबरं पुढच्या बंदरात आली. त्यानंतर रंगकाम निघालं तेव्हा बोसनने, डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, एकेका नटाला ग्रीस लावून वर चिंधी बांधली. संध्याकाळी फेरी मारताना पाहिलं, तर एका नव्या पोराने त्यातल्या तीन नटांवर चिंधीसकट हिरवा रंग मारला होता.