तीस मिलिलिटर पाणी

गेल्या पावसाळ्यात जोगेश्वरीच्या माझ्या गॅरेजमध्ये टो करून आणलेल्या एका गाडीचा विचार अजून मनातून जात नाही. तिचे इंजिन ज्या बदलामुळे गेले तो बदल मीच करून दिला होता, आणि करताना मला त्याचा अभिमानही वाटला होता.

गाडी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, मालक पंचविशीतला मुलगा. मार्चमध्ये तो प्रथम आला तेव्हा कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, काढून त्याजागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवलेला होता. आवाज दमदार येतो, मात्र दुपारच्या ट्रॅफिकमध्ये गाडी ओढत नाही, अशी त्याची तक्रार होती. आवाजालाच पिकअप समजणारे असे बरेच जण येतात. एअर बॉक्सला जोडलेली जी पोकळ डबी फिल्टर विकणारे निरुपयोगी प्लॅस्टिक म्हणून काढून टाकतात, ती रेझोनेटर असते आणि हवा ओढतानाची घरघर दाबण्याचे काम करते. ती निघाली की घरघर कानावर येते आणि गाडी जोरात पळत असल्याचा भास होतो.

फिल्टर मोकळा केला की ताकद वाढते, ही समजूत साध्या हिशेबातही टिकत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतो, म्हणजे ६,००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० लिटर हवा ओढते, आणि कंपनीचा कागदी फिल्टर तेवढी हवा सहज देईल असाच मापलेला असतो. शहरात तर आपण थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप, जेमतेम पाव उघडतो. हवेची वाट तिथे आपणच अडवलेली असताना तिच्या आधीची जाळी मोकळी करून काय साधणार? अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याच्या उलट बाजूने चाचणी केली होती. मुद्दाम चोंदवलेल्या फिल्टरनेही इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो पूर्ण थ्रॉटलवर वेग घेताना.

खरा फरक हवेच्या तापमानाचा असतो. गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून गाडी सिग्नलच्या रांगेत उभी केली तेव्हा बाहेर ३३ अंश असताना इंजिनात जाणारी हवा ६१ अंशांवर पोहोचली होती, कारण उघडा फिल्टर बॉनेटखालची, रेडिएटरमधून तापून आलेली हवाच ओढत होता. गरम हवा विरळ असते, आणि ती आत येत आहे हे कळल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळही मागे घेतो. मुलाला मी मूळ बॉक्स पुन्हा बसवायला सांगितले. त्याला ते कमीपणाचे वाटले. मग मी एक पाइप बंपरच्या आतून फॉगलॅम्पच्या मागे उतरवला, शंकू तिथे बसवला, उडालेले पाणी निथळावे म्हणून सर्वांत खालच्या वळणाला भोक पाडले आणि सांधे असे बसवले की कुठेही हवा चोरली जाऊ नये. तापमान ३८ अंशांवर आले. वजनाच्या हिशेबाने ही सात टक्के जास्त हवा होती, आणि स्कॅनरवरचा तो आकडा मी शेजारच्या दोन गॅरेजवाल्यांना बोलावून दाखवला.

त्या आठवड्यात मी तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० वेग घेण्याच्या वेळा घड्याळ लावून मोजल्या होत्या. उघड्या शंकूने ११.४ सेकंद लागले, माझ्या पाइपने १०.८. मुलाला मी एवढेच सांगितले आणि तो खूश झाला. कंपनीचा बॉक्स तात्पुरता बसवून मोजलेली वेळ १०.९ होती, ती माझ्या वहीतच राहिली. त्या बॉक्सची नळी मुळातच बॉनेटच्या पुढच्या कडेखालून, बाहेरची थंड हवा घेत होती, तीही रस्त्यापासून माझ्या पाइपच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून. पावसाळ्याआधी गाडी आण, पाइप वर घेऊ, असे मी तोंडी बोललो होतो. बिलावर लिहिले नव्हते आणि जूनमध्ये फोनही केला नाही.

जुलैमध्ये अंधेरी सबवेत पाणी भरत असताना त्याने गाडी घातली. तिथे दरवर्षी पाणी भरते, हे ठाऊक असूनही पुढची गाडी निघाली म्हणून आपलीही निघेल असा हिशेब लोक करतात. गाडी बंद पडली आणि त्याने तीन वेळा सेल्फ मारला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये हेल्पर होतो, आणि त्यानंतरचे कित्येक आठवडे आम्ही बुडालेल्या गाड्याच खोलत होतो. बुडालेल्या गाडीला आधी प्लग काढायचे आणि मगच इंजिन फिरवायचे, हे तेव्हा उस्तादांनी अंगवळणी पाडले. या गाडीलाही तसेच केले. रॅचेटने क्रँक फिरवताच तिसऱ्या सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी उडाली. ११:१ कॉम्प्रेशनच्या या इंजिनात पिस्टन वर आल्यावर जेमतेम तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे जागा उरते. पाणी हवेसारखे दबत नाही. त्याहून जास्त पाणी आत गेले की लोखंडालाच वाकावे लागते. इतर तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन १८५ पौंड होते, तिसऱ्याचे १५०. प्लगच्या भोकातून डायल गेज टाकून पाहिले तर तिथला पिस्टन दीड मिलिमीटर खालीच थांबत होता. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला होता.

मुलाने इंजिनाच्या संरक्षणाचा जादा विमा घेतलेला होता. सर्व्हेअरने बंपरमागच्या पाइपचे चार फोटो काढले, न कळवलेला बदल आणि पाण्यात मारलेला सेल्फ अशी दोन कारणे लिहिली आणि क्लेम नामंजूर झाला. तो माणूस मला आवडला नाही, पण त्याने खोटे काही लिहिले नव्हते.

इंजिन उतरवले त्या दिवशी मुलाचे वडील आले होते. ते रागावले नाहीत. पाइपमुळे नेमका किती फायदा झाला होता, एवढेच त्यांनी विचारले. मी वही उघडून १०.९ आणि १०.८ हे दोन आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचले आणि विचारले, "हे तुम्ही त्याला मार्चमध्ये दाखवले होते का?"

मजुरी मी घेतली नाही. रॉड, पिस्टन, बेअरिंग आणि गॅसकेटचे पैसे त्यांनी दिले. जुना एअर बॉक्स माझ्याच फळीवर होता, तो रेझोनेटरसकट परत बसवला.