तुम्ही विचारलंत म्हणून: तयार असताना शून्यापासून का?

ॲपसाठी बटणं, रंग, अक्षरं यांचे तयार संच मिळतात: गूगलचं मटेरियल २०१४ पासून आहे, बूटस्ट्रॅप त्याच्याही आधी, २०११ पासून. मग तुम्ही तुमची डिझाइन सिस्टीम, म्हणजे सगळ्या स्क्रीनवर वापरायचा असा एकच संच, शून्यापासून का बांधलीत? मुलाखतीत हेच, जुने सहकारी भेटले की हेच. हौस म्हणून नाही, एवढं आधी सांगते.

आमच्या कर्जाच्या ॲपमध्ये मुख्य बटणाच्या निळ्याच्या ११ छटा होत्या. मी मोजल्या होत्या. कोणता निळा हे ठरवायचं कोणी, यावरून तीन टीमचं जुनं भांडण होतं, आणि ते कुठल्या तयार लायब्ररीने मिटलं नसतं. एकेका टोकनला, म्हणजे ठरवून दिलेल्या एकेका रंगाला नि मापाला, नाव देण्यासाठी सगळे एका टेबलाशी बसले. हे मी आजही ठासून सांगेन.

पण बटणाचं पुढे काय झालं, ते कोणी विचारत नाही.

बटण मी स्वतः बांधलं. अक्षर १६ पिक्सेल, लाइन-हाइट (ओळीला मिळणारी उंची) तीही १६, आणि लांब मजकुराच्या शेवटी तीन टिंबं यावीत म्हणून ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते दिसणार नाही. इंग्रजीत नेटकं दिसायचं. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने एका स्क्रीनवर लाइन-हाइट २४ केली. मी तिची पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारा, ही विनंती) परत पाठवली: टोकनबाहेरचे आकडे चालणार नाहीत. तिने लिहिलं, 'ताई, मराठीत वरचं कापलं जातंय.' आम्ही डिझाइन काढतो त्या फिग्मात मी पाहिलं. तिथे काहीच कापलं जात नव्हतं. ब्राउझर उघडला नाही. तेच उत्तर पुन्हा पाठवलं.

मराठी रिलीजच्या दिवशी 'अर्ज करा'चा रफार उडाला. 'अज करा'. 'कर्ज'चं 'कज'. आधी अशी चूक एका स्क्रीनपुरती राहिली असती. आता सगळीकडे बटण एकच होतं, माझं. पैशांच्या नडीला आलेल्या माणसाला आम्ही त्याची भाषासुद्धा धड लिहून दाखवली नाही. आणि मी मराठी शाळेत शिकलेली.

दुरुस्तीला कोडची एक ओळ पुरली. त्याच दिवशी सगळ्या स्क्रीन सुधारल्या. 'हेच तर सिस्टीमचं बळ,' असं मी मीटिंगमध्ये म्हणाले. ती मुलगी समोरच बसली होती. बोलले ते खरं होतं, पण मी ते तिच्यासमोर बोलायला नको होतं.

तयार लायब्ररीने हे टळलं असतं का? मटेरियलच्या सुरुवातीच्या नियमांत हिंदीसारख्या उंच लिप्यांना जास्त लाइन-हाइट सांगितलेली होती. मी ते वाचलं होतं, आणि 'आपलं वेगळं आहे' म्हणून सोडून दिलं होतं.

ते ११ निळे आठवले की वाटतं, पुन्हा शून्यापासूनच बांधीन. तो रफार आठवला की तसं म्हणवत नाही.