कैद्यालाच घास भरवणाऱ्या माश्या

मधपेटीचं झाकण उचललं की आधी पळतो तो हाच. पाच-सहा मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, चपटा भुंगेरा: एथिना ट्युमिडा. उजेड पडला रे पडला की चौकटीवरून सुसाट सुटतो आणि फटीत गडप. मी दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात ज्या मधपाळाच्या पेट्या बघायला जाते, त्याला याचं सोयरसुतक नाही. "असतातच ते," म्हणतो आणि धूर देत राहतो.

त्याच्याकडे काचेची एक पेटी आहे. तिच्यासमोर बसले की माझा अख्खा दिवस जातो. भुंगेरा दिसताच माश्या त्याच्यावर तुटून पडतात. तो डोकं-पाय पोटाखाली घेऊन कासवासारखा घट्ट बसतो. नांगी लागायची कुठे? मग त्या त्याला हुसकत कोपऱ्यात नेतात, भोवती झाडाच्या चिकाचं, म्हणजे प्रोपोलिसचं कुंपण घालतात आणि पहारा बसवतात. रात्रंदिवस.

आत अन्नाचा कण नाही, तरी कैदी आठवडेच्या आठवडे जगतो. कारण तो पहारेकरणीसमोर येतो आणि मिशांनी तिच्या तोंडापाशी चाळवतो. माश्या एकमेकींकडे अन्न मागतात, तसंच. थोडं टाळल्यावर तीही थेंब ओकून देते! संशोधकांनी २००२ साली हे छापलं. मला तर हा शुद्ध लबाडपणा वाटतो, आणि कौतुकही वाटतं.

वसाहत दुबळी झाली की मात्र खेळ संपला. भुंगेरे अंडी घालतात, अळ्या मध, पराग, पिलावा (म्हणजे माश्यांची वाढती पिल्लं) सगळं पोखरतात, मध आंबून फेसाळतो आणि सडक्या संत्र्यांचा वास सुटतो. पुढे अळ्या बाहेर पडून मातीत कोष करतात. इथल्या माश्या तोवर थांबत नाहीत. घर सोडून सरळ उडून जातात.

युरोपीय जातीच्या माश्याही तुरुंग बांधतात, पण हल्ल्यात त्या नरम आणि घर सोडायला नाखूश. म्हणून १९९८ मध्ये हा फ्लोरिडात ओळखला गेला तेव्हा तिथल्या पेट्यांचं मोठं नुकसान झालं. २०१४ मध्ये तो इटलीतल्या कालाब्रियात सापडला, तर भुंगेरे निघालेल्या ठिकाणच्या वसाहती नष्ट करून खालची मातीसुद्धा नांगरून औषध मारलं.

आमच्या मधपाळाला हे सांगितलं. तो म्हणाला, "त्यापेक्षा दुबळ्या पेट्या वेळेत एकत्र करा."