तुम्ही विचारलंत म्हणून: दादाचं ऑपरेशन का नाही केलं?

दादाच्या तेराव्याला पंगत उठायच्या आत कुणीतरी विचारलंच, "ऑपरेशन करून मेंदूतली गाठ काढून का नाही टाकली? पैशाला बघितलंत काय?"

नाही बघितलं. आणि गाठ एक नव्हती, तीन होत्या.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या न्यूरोसर्जननी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. एक उजव्या कपाळामागं, एक मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पट्ट्यात, तिसरी डाव्या कानाच्या आतल्या बाजूला मेंदूत, बोलण्याच्या जागेला खेटून. काका म्हणाले, "तिन्ही काढा की वो. रान विकतो आम्ही."

"विकू नका," डॉक्टर म्हणाले. "डावीला हात लावला तर वाचा जाईल. मधली निघायचीच नाही."

दादा तिथंच बसला होता. म्हणाला, "मग भोक तरी कशाला पाडताय?"

बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला. असे अनेक डाग टीबीचे असू शकतात, दुसरीकडच्या कॅन्सरचे असू शकतात, लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, असू शकतो. प्रत्येकाचं औषध वेगळं. टीबी निघू दे म्हणून आईनं अंबाबाईला नवस बोलला. टीबीसाठी नवस! निघाला ग्लिओब्लास्टोमा, मेंदूतच उगवणारा कॅन्सर, चौथ्या म्हणजे सगळ्यात वाईट ग्रेडचा.

डॉक्टर घाबरट आहेत, असं मलाही तेव्हा वाटलं. फिल्मा घेऊन मुंबई गाठली, तिथंही तेच उत्तर. नंतर वाचलं की अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जननी १९२८च्या सुमारास अशा रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्ध काढून बघितला होता. तरी ट्यूमर परत आला. पेशी आधीच लांब पसरलेल्या असतात, फिल्मवर दिसत नाहीत. हे कळूनही रात्री वाटतंच, निदान कपाळामागची तरी काढायला हवी होती.

"काहीच केलं नाही" म्हणू नका मात्र. सहा आठवडे रेडिएशन झालं, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप). तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवायचे. घरी येईपर्यंत गालावर चौकटी उमटलेल्या असायच्या. सोबत रोज उपाशीपोटी टेमोझोलोमाइड, केमोची कॅप्सूल. सूज उतरवायच्या डेक्सा या स्टेरॉइडनं भूक अशी खवळली की रात्री अकराला कटवडा मागायचा. शुगर वाढली म्हणून मी नको म्हणायची, आई गुपचूप द्यायची.

गाठीतल्या एमजीएमटी नावाच्या जनुकाचा रिपोर्ट उलटा आला, म्हणजे टेमोझोलोमाइडचा उपयोग कमी. मग देताय कशाला, मी विचारलं. "कमी म्हणजे शून्य नव्हे," डॉक्टर म्हणाले. दादाला त्या कॅप्सूलनं काय मिळालं, उलट्या सोडून, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. विचारायचं तर ते विचारा.