ट्रॉलीवरून जुंपली

आज आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दुपारभर एकच वाद: आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचे चिमटे) अवजारांच्या ट्रॉलीवर डावीकडे की उजवीकडे! इथं प्रत्येक सिस्टरची मांडणी वेगळी. एरवी चालून जातं, पण ऑपरेशन अर्ध्यावर असताना ड्युटी बदलली की नव्या सिस्टरला बॅबकॉक (नाजूक भाग अलगद धरायचा चिमटा) शोधत बसावं लागतं, आणि ऑपरेशन करणारे सर हात पुढं करून थांबलेले.

शेवटी इन्चार्ज मॅडमनी सगळ्यांना उभं करून एकच ट्रॉली लावून घेतली. वापराच्या क्रमानं: ब्लेड, फोर्सेप्स, कात्र्या, आर्टरी, अॅलिस (घट्ट पकडीचा चिमटा), शेवटी टाक्यांची सुई धरायचा नीडल होल्डर. धारेचं सगळं किडनी ट्रेमधून (मूत्रपिंडाच्या आकाराच्या तबकातून) द्यायचं, थेट हातात नाही. मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) पाच-पाचच्या गठ्ठ्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या चेकलिस्टमध्ये पेशंट बाहेर नेण्याआधी इन्स्ट्रुमेंट, मॉप, सुया मोजायला सांगितलंच आहे. जागा ठरलेली असली की कमी काय पडलंय ते लगेच दिसतं.

एक सीनियर सिस्टर जरा रुसल्यात. "माझा हात आपोआप तिकडंच जातोय गं, आता काय नव्यानं शिकू?" त्यांचंही खरंच आहे. डावखुऱ्या सरांचं काय करायचं, तेही अजून लटकलंय.

या सगळ्यात रंकाळ्यावरच्या भेळेचा बेत मात्र बुडाला. उद्या पहिली केस हर्नियाची. बघू, ट्रॉली कोण कशी लावतंय!