मे महिन्यातलं गवत

१८ मे २०२३. दुपारचे साडेचार, पुण्यात अंगाची लाही लाही होत होती आणि मी गोल्फची पीजीए चॅम्पियनशिप सुरू व्हायची वाट बघत टीव्हीसमोर बसलो होतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचं ओक हिल मैदान. खेळ काही सुरू होईना. कारण काय, तर दव गोठलंय! जवळजवळ दोन तास सगळे खोळंबले. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात, मग तिथे पावलांचे काळपट ठसे उमटतात. थांबले ते योग्यच केलं.

माझी सगळी नोकरी गोल्फच्या मैदानावर हिरवळ सांभाळण्यात गेली. त्यामुळे कुठली स्पर्धा कुठल्या महिन्यात, हे कळलं की मला आधी तिथलं गवत दिसतं.

पीजीए दरवर्षी वेगळ्या मैदानावर असते, आणि वर्षानुवर्षं ती ऑगस्टमध्ये व्हायची. २०१९ पासून ती मे महिन्यात आणली आणि मेमधली दुसरी मोठी स्पर्धा, प्लेयर्स चॅम्पियनशिप, मार्चमध्ये नेली. सप्टेंबरात अमेरिकन फुटबॉल सुरू होतं, टीव्हीचा प्रेक्षक तिकडे जातो; त्याच्याआधी, ऑगस्टअखेर गोल्फचा हंगाम आटपायचा होता. शिवाय ऑलिंपिकची अडचण. २०१६ मध्ये रिओमुळे पीजीए जुलैअखेरीस घ्यावी लागली होती.

प्लेयर्सचं मैदान फ्लोरिडात, सॉग्रासला. तिथलं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच, तिच्या सुधारित जाती. आपल्याकडे शेतकरी ती खणून काढता काढता मेटाकुटीला येतो, आणि आम्ही तिलाच जिवापाड जपतो. हरळीला ऊन लागतं. थंडीत ती पिवळी पडून झोपते. म्हणून मार्चच्या स्पर्धेसाठी तिच्यावर थंडीत वाढणारं राय गवत पेरतात. डोळ्यांना हिरवंगार दिसतं, पण चेंडू मेसारखा टणक जमिनीवर पळत नाही. त्यात मार्चचा पाऊस. २०२२ मध्ये वादळी पावसाने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली आणि त्या सोमवारी आपल्या गोल्फपटू अनिर्बान लाहिरीचं विजेतेपद एका फटक्याने हुकलं. जन्म पुण्याचा त्याचा. ती रात्र मी जागून काढली.

दक्षिणेकडच्या मैदानांना मे सोसतो, हे मला मान्य आहे. २००७ मध्ये ओक्लाहोमातल्या सदर्न हिल्सला ऑगस्टात पारा ३८ अंशांच्या वर गेला होता. भोकाभोवतीच्या हिरवळीवरच्या नाजूक बेंट गवताला अशा उन्हात जगवणं किती जिकिरीचं, ते आम्हालाच ठाऊक! २०२२ ला तिथेच मेमध्ये स्पर्धा झाली.

पण उत्तरेचं काय? विस्कॉन्सिनचं व्हिसलिंग स्ट्रेट्स, मिनेसोटाचं हेझल्टिन. तिथलं गवत मेमध्ये जेमतेम हिवाळ्यातून डोकं वर काढत असतं. तारीख बदलल्यापासून या दोन्ही राज्यांत पीजीए एकदाही झालेली नाही. टीव्हीच्या सोयीसाठी मैदानंच यादीतून गळावीत, हे मला पटत नाही.

व्हिसलिंग स्ट्रेट्सला २००४, २०१० आणि २०१५, तिन्ही वेळा ऑगस्टच होता. २०१५ ला लाहिरी तिथे संयुक्त पाचवा आला. तोपर्यंत मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मानाच्या स्पर्धांत, एवढ्या वर कुठलाही भारतीय पुरुष खेळाडू पोचला नव्हता. बाहेर श्रावणातला पाऊस, आणि पडद्यावर मिशिगन सरोवराच्या काठचं ते वाऱ्याने लवणारं उंच, सोनेरी गवत. मेमध्ये ते तसं दिसायचं नाही.